टेबलाखालचा सीपीयू आणि बॅगेतला लॅपटॉप

वाचकाचं पत्र :

नमस्कार. मी गेली सतरा वर्षं घरी बसून भाषांतराचं काम करते. अलीकडे दोन प्रकाशकांसाठी पुस्तकांची मांडणीही करून देते. माझा डेस्कटॉप २०१४ सालचा. विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि हे मशीन ११ साठी चालणार नाही असा संदेश येतो, म्हणजे आता बदलायलाच हवं. पण डेस्कटॉपच घ्यायचा म्हटलं की हॉस्टेलवर राहणारा मुलगा हसतो. म्हणतो, "आई, डेस्कटॉप आता कोण घेतं? पाच वर्षांनी बाजारात दिसणारसुद्धा नाहीत." त्यानं मला एक आलेख पाठवला. त्यात २०१६ सालीच डेस्कटॉपचा वापर निम्म्याच्या खाली गेलेला दिसतो. भाची तर सगळं फोनवरच उरकते. मध्यंतरी माझं मशीन दुरुस्तीला होतं तेव्हा मी मुलाचा लॅपटॉप तीन आठवडे वापरला आणि मान अशी धरली की काही विचारू नका. दुसरीकडे, माझ्या आईची तब्येत बरी नसते. वर्षातून तीन-चार वेळा पंधरा दिवस, महिनाभर तिच्याकडे जाऊन राहावं लागतं, तेव्हा काम ठप्प होतं. नवा डेस्कटॉप घेणं म्हणजे जुन्या काळात अडकून पडणं आहे का?

(नाव-गाव छापू नये.)

उत्तर :

ताई,

आधी मुलानं पाठवलेल्या त्या आलेखाचं बघू, कारण तुम्ही धास्तावलात त्याच्यामुळे, आणि धास्तावण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

तो आलेख बहुधा स्टॅटकाउंटरचा, म्हणजे लोक कुठल्या यंत्रावरून वेबसाइट बघतात ते मोजणाऱ्या कंपनीचा असणार. ऑक्टोबर २०१६ मध्ये जगभरात फोन आणि टॅबलेटवरून होणारा इंटरनेटचा वापर ५१.३ टक्के झाला आणि 'डेस्कटॉप' ४८.७ वर आला. त्या वेळी त्याची बरीच चर्चा झाली. पण त्या मोजणीत 'डेस्कटॉप' या रकान्यात लॅपटॉपही धरलेले असतात! वेबसाइटला समोर पूर्ण विंडोज किंवा मॅक दिसलं की ती डेस्कटॉप म्हणून नोंद करते. ते यंत्र टेबलाखाली आहे की कुणाच्या मांडीवर, हे तिला कळायचा काही मार्ग नाही. म्हणजे तुमच्या चिरंजीवांचा लॅपटॉप त्याच आलेखात तुमच्या पारड्यात पडलेला आहे. हे त्याला सांगाच.

आणि तो आलेख मोजतो काय? उघडलेली वेबपानं. रांगेत उभं राहून कुणी फोनवर वीस पानं चाळली, तर ती वीस मोजली जातात. तुम्ही सकाळी दहा ते चार एका फाइलमध्ये डोकं घालून एक प्रकरण भाषांतरित केलंत, मध्ये चारदा इंटरनेटवरचा शब्दकोश उघडलात, तर मोजले जाणार फक्त ते चार. फोन आल्यावर माणसाचं चाळणं अफाट वाढलं. ते वाढलं म्हणून टक्केवारी बदलली. त्यावरून टेबलावरचं काम कमी झालं असा अर्थ काढणं चुकीचं आहे.

मुलाच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही हे पत्र त्याला दाखवाल आणि तो माझ्यावर तुटून पडेल. २०१८ किंवा २०२० मध्ये नव्हे, २००८ च्या तिसऱ्या तिमाहीतच जगभरात विकल्या गेलेल्या लॅपटॉपची संख्या डेस्कटॉपच्या पुढे गेली. तेव्हापासून डेस्कटॉपचा वाटा घटतच आलाय. ही लाट उलटी फिरेल असं मला वाटत नाही. पण कमी विकलं जाणं वेगळं आणि बाजारातून नाहीसं होणं वेगळं. आजही वर्षाला कोट्यवधी डेस्कटॉप विकले जातात. पाच वर्षांनी मिळणार नाहीत, हे त्यानं ठोकून दिलंय.

असं ठोकून देणाऱ्यांची या धंद्यात मोठी परंपरा आहे, आणि त्यात आम्ही सदरलेखक आघाडीवर. १९८५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका सदरात लॅपटॉपची रवानगी करून टाकली होती. प्रवासात मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसण्यापेक्षा लोक वर्तमानपत्रातलं खेळाचं पान वाचतील, असा एकूण सूर होता. १९९१ मध्ये स्टुअर्ट अल्सॉप या पत्रकारानं जगातला शेवटचा मेनफ्रेम (बँकांसारख्या मोठ्या संस्था वापरतात तो कपाटाएवढा कॉम्प्युटर) १५ मार्च १९९६ रोजी बंद होईल असं भाकीत केलं, तारखेसकट! मेनफ्रेम आजही नवे निघतात. आयबीएमनं २०२५ मध्येच एक आणला. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स म्हणाले की पाच वर्षांत टॅबलेट हा अमेरिकेत सर्वांत जास्त विकला जाणारा पीसी असेल. पाच वर्षं गेली, दहा गेली, टॅबलेट आलाही, पण पीसीला बाजूला सारून नव्हे. म्हणून मी भाकीत करणार नाही. माझी मानही तुमच्यासारखीच नाजूक आहे.

त्यातल्या त्यात पटण्यासारखं बोलले ते ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज, त्यांचा आयपॅड हा टॅबलेट नुकताच आला होता तेव्हा, जून २०१० मध्ये. अमेरिका शेतीवर चालायची तेव्हा सगळ्या गाड्या ट्रकच होत्या, कारण शेतावर तेच लागायचे. लोक शहरात आले तशा मोटारी वाढल्या. पीसी हे तसे ट्रक होणार आहेत, राहतील, पण थोड्यांनाच लागतील, असं त्यांचं म्हणणं. ते ऐकून तेव्हा बरेच पीसीवाले दुखावले. मला त्यात दुखावण्यासारखं काही दिसत नाही. ज्याला माल वाहायचाय त्यानं ट्रक घ्यावा. प्रश्न एवढाच की ताई, तुमच्याकडे माल आहे का?

आहे. पण तो वाहतो कोण, हे बघायला हवं. तुम्ही 'डेस्कटॉप' म्हणता तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली बोलता. एक, टेबलाखालचं खोकं, ज्याला आपण सगळे बिनदिक्कत सीपीयू म्हणतो (खरा सीपीयू म्हणजे आतली आकडेमोड करणारी चिप, काडेपेटीएवढी). दोन, समोरचा मोठा पडदा. तीन, सुटा कीबोर्ड आणि माउस, आणि त्यांच्यासकट ती बसायची जागा. हातात नेता येणाऱ्या यंत्रांनी यातलं पहिलं खरोखरच गिळत आणलंय. दुसऱ्या आणि तिसऱ्याला त्यांना हात लावता आलेला नाही. तुमच्या मानेनं तीन आठवड्यांत हेच सांगितलं.

ही ओढाताण काही नवी नाही, जन्मापासूनची आहे. आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ चा. त्याच्या चार महिने आधी, एप्रिलमध्ये, ऑस्बॉर्न १ नावाचा 'उचलून नेता येणारा' कॉम्प्युटर बाजारात आला होता. शिलाईमशीन पेटीत घालावं तसा दिसायचा. वजन अकरा किलोच्या आसपास, पडदा पाच इंची, आणि आत बॅटरीच नाही. जिथे न्याल तिथे आधी प्लग शोधा. तरी लोकांनी उत्साहानं घेतला. तेव्हापासून चाळीसहून अधिक वर्षं या मंडळींनी सगळी बुद्धी खोकं हलकं करण्यात घातली आणि ती फळाला आली. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलनं एम१ ही चिप आणली आणि तीच चिप तीन यंत्रांत घातली : दोन लॅपटॉप आणि एक टेबलावरचा मॅक मिनी. त्या लॅपटॉपांपैकी एकात तर पंखाही नव्हता. पुढच्या वर्षी तीच चिप आयपॅड प्रोमध्येही गेली.

इथे जरा थांबा. टेबलावरच्या यंत्रात, मांडीवरच्या यंत्रात आणि हातातल्या पाटीत एकच मेंदू. म्हणजे नेहमीच्या कामासाठी ताकदीचा वाद तिथे संपला. मग तो आयपॅड घेऊन लोकांनी आपले लॅपटॉप मोडीत काढले का? नाही. कारण काम नुसत्या मेंदूनं होत नाही. खिडक्या शेजारी-शेजारी मांडायच्या असतात, फाइली इकडून तिकडे टाकायच्या असतात, हात कुठेतरी टेकायचे असतात, डोळे समोर ठेवायचे असतात.

डोळ्यांचंच घ्या. एकदा पट्टी घेऊन मोजून बघा. तुमच्या मांडणीतलं एफोर पान २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ उंच. २४ इंची रुंद पडदा साधारण ५३ बाय ३० सेंटिमीटरचा असतो. त्यावर दोन एफोर पानं खऱ्या आकारात शेजारी-शेजारी बसतात, शिवाय बाजूला शब्दकोशाला अकरा सेंटिमीटरची पट्टी उरते. डावीकडे मूळ, उजवीकडे भाषांतर. आता १४ इंची लॅपटॉप : लांबी-रुंदीचं तेच प्रमाण धरलं तर पडदा ३१ बाय साडेसतरा. त्यावर एक पानसुद्धा उभं मावत नाही. तुम्ही मुलाच्या लॅपटॉपवर तीन आठवडे काय केलं असेल ते मला दिसतंय : मूळ बघायचं, खिडकी बदलायची, वाक्य डोक्यात धरायचं, लिहायचं, पुन्हा खिडकी बदलायची. दिवसाच्या शेवटी पानं कमी झालेली आणि डोकं जास्त शिणलेलं. याला वय जबाबदार नाही, साडेसतरा सेंटिमीटर जबाबदार आहेत.

मानेचं गणितही असंच सरळ आहे. मोठ्या माणसाचं डोकं चार-पाच किलोचं. ते सरळ असतं तेव्हा मणक्यावर तोललेलं असतं, पुढे झुकलं की मागच्या स्नायूंनी ओढून धरावं लागतं. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी आणि टाइप करताना कोपर जवळजवळ काटकोनात असावं, हे दोन नियम तुम्ही कुठे ना कुठे वाचले असतील. लॅपटॉपमध्ये हे दोन्ही एका वेळी पाळताच येत नाहीत, कारण पडदा आणि कीबोर्ड बिजागरीनं जखडलेले. यंत्र उंच ठेवलं तर पडदा बरोबर येतो आणि खांदे कानाला लागतात. खाली ठेवलं तर हात सुखावतात आणि मान जाते. ही काही माझी तक्रार नव्हे. युरोपातल्या देशांनी १९९० मध्ये पडद्यासमोर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी एक निर्देश काढला, त्यातच लिहिलंय की कीबोर्ड पडद्यापासून सुटा हवा. पोर्टेबल यंत्रांना त्यातून सूट दिली, पण एका अटीवर : ती कामाच्या जागी दीर्घकाळ वापरली जात नसतील तरच. लॅपटॉप घराघरांत पोचायच्या आधीच कुणीतरी हे ओळखून ठेवलं होतं, याचं मला फार कौतुक वाटतं.

भाचीचं काय? तिची कामं फोनवर होत असतील तर फोन पुरेसा आहे, त्यात वाद कसला. पण फोनच उद्या सगळ्यांचा कॉम्प्युटर होईल, ही कल्पना अनेकदा प्रत्यक्षात उतरवून झालीय. २०११ मध्ये मोटोरोलानं ॲट्रिक्स नावाचा फोन आणला, तो एका रिकाम्या लॅपटॉपच्या पाठीला खोचायचा. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ल्युमिया फोनवर कंटिन्युअम आणलं. २०१७ मध्ये सॅमसंगनं डेक्स काढलं, ते अजून आहे आणि चांगलं चालतं. या तिन्हींत फोन टेबलावर येतो आणि पहिली गोष्ट काय मागतो? मोठा पडदा आणि कीबोर्ड. खोकं खिशात गेलं, टेबल जागच्या जागी.

ज्यांना खोकंच लागतं असेही लोक आहेत, आणि हे उत्तर तेही वाचतील म्हणून थोडं त्यांच्यासाठी. त्रिमितीय चित्रं, चित्रपटाचं संकलन, घरच्या घरी एआयची मॉडेल चालवणं, मोठे गेम : इथे ताकदीचा वाद संपलेला नाही, कारण इथे मामला उष्णतेचा आहे. यंत्र जेवढी वीज खातं तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती काढायला हवा, धातू आणि जागा लागते. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड ४५० वॉट घेऊ शकतं. त्याच नावाचं लॅपटॉपमधलं कार्ड त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर चालतं, आणि ती चिपच वेगळी आहे : डेस्कटॉपमध्ये १६,३८४ कोअर (एकाच वेळी आकडेमोड करणारे छोटे भाग) आणि २४ जीबी मेमरी, लॅपटॉपमध्ये ९,७२८ आणि १६ जीबी. नाव एकच छापलंय, म्हणून फसायला होतं. बॅटरीलाही मर्यादा आहे. विमानात परवानगीशिवाय नेता येते ती १०० वॉट-तासांपर्यंतची, म्हणून मोठमोठ्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या ९९ च्या आसपास थबकतात. ४५० वॉटचं कार्ड तेवढी बॅटरी पाव तासाच्या आत पिऊन टाकेल. ही मंडळी डेस्कटॉप सोडणार नाहीत, आणि सोडूही नये. ताई, तुमच्या कामाला यातलं काहीही लागत नाही.

मग तुम्ही काय घ्यावं? लॅपटॉप घ्या. मुलाला आनंद होईल, होऊ द्या. पण त्याच्यासारखा वापरू नका. घरी तो टेबलावर राहील, आणि वर्षातले नऊ-दहा महिने तुम्ही त्याच्याकडे बघणारही नाही. बघायचं ते समोरच्या मोठ्या पडद्याकडे आणि टाइप करायचं ते सुट्या कीबोर्डवर. टेबलाखालच्या खोक्याचं काम तो करेल, एवढंच. आईकडे जायची वेळ आली की वायर काढून बॅगेत टाकायचा.

तुम्हाला आईकडे जावं लागत नसतं तर मी बेधडक डेस्कटॉप घ्या म्हणालो असतो, आणि तो तुमच्यासाठी दहा-बारा वर्षं चालला असता, आत्ताचा चाललाय तसाच. याचं कारण माझ्या स्वतःच्या एका गाढवपणात आहे. चार वर्षांपूर्वी मी डेस्कटॉप विकून एक सडपातळ लॅपटॉप घेतला. दिसायला देखणा. सात महिन्यांनी त्याच्यावर ग्लासभर पाणी सांडलं. सुट्या कीबोर्डवर सांडलं असतं तर कीबोर्ड उलटा करून वाळवला असता, नाहीतर फेकून दुसरा आणला असता. लॅपटॉपमध्ये कीबोर्डच्या थेट खाली मदरबोर्ड असतो आणि पाण्याला बिजागरीची अडचण नसते. दुरुस्तीवाल्यानं उघडून दाखवलं : मेमरी बोर्डवरच झाळलेली, साठवणही तशीच. काढून दुसऱ्या यंत्रात लावावं असं काही उरलंच नव्हतं. तो बिचारा बोलला नाही काही, पण बॅकअप आहे का विचारताना त्याचा चेहरा डॉक्टरसारखा झाला होता. बॅकअप होता, अकरा दिवसांपूर्वीचा. त्या अकरा दिवसांत मी जे लिहिलं ते माझं सर्वोत्तम लेखन होतं असं मी आता सगळ्यांना सांगतो.

तेव्हा लॅपटॉप घेताना चमक बघू नका, पाठ उघडते का ते विचारा. साठवणीची एसएसडी तरी बदलता यावी. मेमरी बदलता आली तर उत्तमच. बोर्डावर पक्की असेल तर सुरुवातीलाच १६ जीबी घ्या, नंतर वाढवता येणार नाही. मांडणीचं काम आणखी वाढणार असेल तर ३२. टाइप-सी पोर्ट हवंच, पण सगळी टाइप-सी पोर्टं सारखी नसतात : काहींतून फक्त फाइली जातात, काहींतून चार्जिंगही होतं, काहींतून पडद्याचं चित्रही जातं. तुम्हाला तिन्ही करणारं हवं. तसं असलं आणि पडदाही टाइप-सीचा घेतलात तर एकच वायर लावायची : तीच चार्ज करते, तीच चित्र नेते, कीबोर्ड-माउसही पडद्याच्या मागे जोडता येतात. निघताना एक वायर ओढली की झालं. ही सोय छोटी वाटते, पण पाच वायरी काढायच्या असल्या की माणूस "राहू दे, दोन दिवसांसाठी कुठे नेऊ" म्हणतो आणि काम पुन्हा ठप्प.

पडदा २७ इंची घ्या. वर गणित केलं ते २४ चं, पण त्यात पानाची उंची जेमतेम बसते आणि मांडणीच्या प्रोग्रॅमची बटणं वरची-खालची जागा खातात. २७ मध्ये उंची साडेतेहतीस सेंटिमीटर मिळते. रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या, फुल एचडीपेक्षा वरचं बघा, नाहीतर अक्षरं मोठी दिसतील पण फाटकी दिसतील, आणि तुमचं आयुष्य अक्षरांवर चाललंय. पैसे कुठे कमी-जास्त करायचे असतील तर लॅपटॉप एक पायरी खालचा घ्या, पडदा नको. पडदा दोन-तीन लॅपटॉप पुरून उरतो.

बॅटरीबद्दल एक. टेबलावर कायम चार्जरला लावून ठेवलेला लॅपटॉप शंभर टक्क्यांवर तापत बसतो आणि लिथियम बॅटरीला नेमकं तेच सोसत नाही. बहुतेक कंपन्यांच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती पहिल्या दिवशीच चालू करा. आईकडे निघायच्या आदल्या रात्री तेवढी शंभर करायची. आणि कधी टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा खालचं झाकण फुगलं, तर बॅटरी फुगलीय असं समजून यंत्र ताबडतोब बंद करा. दाबून बसवायला जाऊ नका, चार्जही करू नका. उलट बाजूनं एक सुख आहे : वीज गेली तर तुमचा परिच्छेद जाणार नाही. जुन्या डेस्कटॉपला त्यासाठी वेगळा यूपीएस लागायचा.

टॅबलेटचं विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. प्रुफं वाचायला, पेननं खुणा करायला तो झकास आहे. एकमेव यंत्र म्हणून तुम्हाला नाही.

जुन्या मशीनचं काय करायचं? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यंत्र त्या दिवशी मेलं नाही, पण सुरक्षेच्या भोकांना आपोआप ठिगळं लागणं थांबलं. तेव्हा त्यावरून बँकेचे व्यवहार आणि मेल बंद करा. मुलगा सुट्टीत आला की त्याच्याकडून विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून घ्या, त्यालाही जरा काम. मग ते खोकं घरातल्या बॅकअपचं मशीन म्हणून अजून काही वर्षं निभावेल. एक प्रत लॅपटॉपवर, एक या खोक्यात, एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा आईकडे ठेवलेल्या हार्ड डिस्कवर. लॅपटॉप हरवतात, पडतात, भिजतात. टेबलाखालचा सीपीयू अकरा वर्षांत कधी बसमध्ये विसरला होतात का?

जुन्या काळात अडकल्याचं विचारलंत. मुलाची खोली बदलते, गाव बदलतं, वर्ग बदलतो. त्याला फिरतं यंत्र लागतं आणि वय असं आहे की मान अजून बोलत नाही. तुमचं काम सतरा वर्षं एका खुर्चीत झालंय. त्यानं तुमच्या खुर्चीबद्दल मत देऊ नये, तुम्ही त्याच्या बॅगेबद्दल देऊ नये, एवढं ठरवून टाका. आणि आणखी एक, हे तुम्ही लिहिलं नाहीत पण मला वाटून गेलं : लॅपटॉप आला की काम पलंगावर येतं. रात्री साडेअकराला "एवढं एक पान बघते" सुरू होतं. टेबलावरून उठलं की काम संपलं, ही डेस्कटॉपची सवय लॅपटॉपबरोबरही टिकवता आली तर बघा. मला जमलेली नाही.

आता आईकडचं. तिथे महिनाभर राहायचं तर लॅपटॉपच्या पडद्यावर तुम्ही पुन्हा तीच मान घेऊन परताल. तिच्या उशाशी बसून अर्धा तास प्रुफं वाचायला लॅपटॉप ठीक, पूर्ण दिवसाच्या कामाला नाही. म्हणून तुमचा सध्याचा मॉनिटर विकू नका, पुढच्या फेरीत तो आईकडे नेऊन ठेवा. सध्याचा कीबोर्ड आणि माउसही त्याच्याबरोबर जाऊ देत, घरी नवे घ्या. तिथे टेबल नसेल तर उंच स्टूल चालणार नाही, गुडघे आत जातील असं काहीतरी बघा. मॉनिटर खाली वाटला तर त्याच्याखाली दोन जाड शब्दकोश, तुमच्याकडे ते असणारच.

फक्त एक करा : लॅपटॉप घ्यायला जाण्यापूर्वी त्या मॉनिटरच्या मागे वाकून बघा. चपट्या तोंडाचं, एका लांब बाजूचे दोन्ही कोपरे निमुळते असलेलं पोर्ट असेल तर ते एचडीएमआय, साधी वायर पुरेल. निळं, पंधरा भोकांचं आणि बाजूला दोन स्क्रू असलेलं असेल तर ते व्हीजीए. नव्या लॅपटॉपला ते नसतं, त्यासाठी एचडीएमआयमधून व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर लागतो. तो लॅपटॉपबरोबरच मागून घ्या, आणि आईकडेच ठेवून या, बॅगेत ठेवलात तर हरवेल.